एका हाकेला दोन ओ

त्या घरात वरून "अहो" अशी हाक आली की खालून दोन पुरुष "ओ" द्यायचे, आणि वर नेमका नको तो यायचा.

खाली चष्म्याचं दुकान, वर घर. मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना, त्यातली सहावी पायरी कुरकुरणारी. दुकानाच्या पुढच्या भागात सासरे बसत. गिऱ्हाइकाचा नंबर काढायचा, फ्रेम बसवायची, सैल झालेल्या दांड्या आवळून द्यायच्या, हे त्यांचं काम. मागच्या खोलीत त्यांचा मुलगा फिरत्या चाकावर काचा घासायचा. वर सासूबाई, आणि तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून.

सासूबाईंनी चौतीस वर्षं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून "अहो!" म्हटलं होतं आणि सासरे चौतीस वर्षं वर आले होते. सगळं सुरळीत. मग सून आली. एकट्यात ती नवऱ्याला खुशाल नावाने हाक मारायची, पण सासू-सासऱ्यांसमोर जीभ रेटेना, म्हणून चारचौघांत तीही "अहो" म्हणू लागली. झालं! तिने हाक मारली की धापा टाकत सासरे हजर. "काय गं सूनबाई?" आता बिचारीने सांगायचं काय? "काही नाही बाबा, यांना जरा..." असं पुटपुटत ती शरमेने अर्धी व्हायची, आणि सासरे गुडघे चोळत पुन्हा चौदा पायऱ्या उतरायचे. कधी तर खाली "तुला बोलावतायत", "छे, तुम्हाला" असा वाद रंगायचा आणि वर दूध उतू जायचं.

असो. ही गोष्ट हाकेची नाही, मशीनची आहे. निदान सुनेला तरी तसंच वाटत होतं.

लग्नाआधी ती दूरच्या शहरात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. नोकरी सोडून आली तेव्हा तिच्या मॅडम काही बोलल्या नव्हत्या, पण एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. बाई मोठी कडक, "कशी आहेस, बरी आहेस" यात वेळ घालवणारी नव्हे.

"तुझी जागा मी अजून कुणाला दिलेली नाही. घरून काम करशील?"

"करीन की मॅडम!"

"हुरळून जाऊ नकोस. शुक्रवारी पाच ते सहा तुझं मशीन फोनच्या लाइनवरून आमच्या मशीनला जोडायचं. तासभर दोघींनी एकदम काम करायचं. लाइन टिकली तर काम तुझं. नाही टिकली तर इकडे खोली घेऊन राहा, नाहीतर मी दुसरी बघते."

फोन ठेवला आणि सुनेने शुक्रवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. काम तर तिला हवंच होतं. काम सोडल्यापासून आपल्या हातांत काहीतरी अर्धवट राहून गेलंय असं तिला रोज वाटायचं. पण खरं सांगायचं तर हे घरही तिला आवडलं होतं. खालून येणारी चाकाची घरघर, सासऱ्यांचे ते मुंगीएवढ्या स्क्रूंनी भरलेले खण, सासूबाईंचं तोंडावर सडेतोड बोलणं, सगळंच. तिला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही हवं असण्यात गुन्हा तो काय?

मशीन होतं. ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिने लग्नाआधीच घेऊन ठेवला होता. त्यात बसवायचं मोडेमचं कार्डही होतं, म्हणजे कॉम्प्युटरला फोनवर बोलायला लावणारी पट्टी. ती मात्र दुसऱ्याच मशीनमधून निघालेली. उरली ऑपरेटिंग सिस्टीम. मॅडमकडचं सगळं काम लिनक्सवर चालायचं. लिनक्स तेव्हा नुकती रांगायला लागली होती. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, कुणीही उघडून बघावी अशी. जुन्या मैत्रिणीने लिनक्सच्या चाळीस फ्लॉप्या भरून पार्सलने पाठवल्या. सुनेने त्या जेवणाच्या टेबलावर चार गठ्ठे करून मांडल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हे सगळं त्याच्या पोटात जाणार?"

"हो आई. एकेक करून."

"पचेल ना?"

बुधवारी दिवसभर ती मशीनला एकेक फ्लॉपी भरवत बसली. संध्याकाळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि सिस्टीम उभी राहिली. तिने मोडेमला नंबर लावायला सांगितलं. मोडेमने शिट्ट्या मारल्या, खरखर केली आणि पलीकडच्या मशीनने ओळख दिली. सुनेने टाळीच वाजवली. मग तिने माउस जोडला, काळ्या पडद्याऐवजी माउसने चालणारा खिडक्यांचा पडदा चालू केला, चार खिडक्या इकडून तिकडे हलवून पाहिल्या आणि समाधानाने मशीन बंद केलं.

गुरुवारी सकाळी तीन तेरा वाजले.

खिडक्यांचा पडदा चालू, मोडेमला नंबर लावायला सांगितला, त्याने शिट्टी मारली, तिने माउस जरासा हलवला, आणि मोडेम मुका! शिट्टी नाही, खरखर नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माउससुद्धा मधेच रुसून एका कोपऱ्यात खिळून बसायचा. तिने फोनची वायर बदलली. नवऱ्याने खाली दुकानात जाऊन लाइन तपासली, लाइन ठणठणीत. मग तिच्या मनात आलं, फ्लॉप्यांतच खोट असणार. म्हणून तिने काय करावं? सगळं पुसलं आणि चाळीसच्या चाळीस फ्लॉप्या पुन्हा पहिल्यापासून भरवल्या. चार वाजेपर्यंत नाकी नऊ आले आणि हातात काय आलं, तर तोच मुका मोडेम.

आता कुणी म्हणेल, शिकलेली बाई, तिला एवढं कळू नये? अहो, ती प्रोग्रॅम लिहिणारी. मशीनचं पोट उघडायचं काम ऑफिसात वेगळाच माणूस करायचा. स्वयंपाक करणाऱ्याने गॅसची शेगडी दुरुस्त करावी असं आपण म्हणतो का? फ्लॉप्यांबरोबर मदतीचे लांबलचक मजकूर आले होते, ते तिने वाचले. त्यात लिहिलं होतं की मशीनमधल्या प्रत्येक वस्तूला एक इंटरप्ट नंबर असतो. तिला काही सांगायचं झालं की ती त्या नंबराने हाक मारते, आणि मधली मुख्य चिप हातातलं काम टाकून तिच्याकडे धावते. हे तिने तीनदा वाचलं आणि तीनदा पान उलटलं. तिच्या मनाने फ्लॉप्यांवरच खुन्नस धरली होती.

संध्याकाळी नवरा वर आला तेव्हा ती हनुवटीला हात लावून बसली होती.

"माउस काढून बघ ना," तो म्हणाला. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच त्याला हे सुचलं असावं.

तिने माउस काढला, मशीन पुन्हा चालू केलं. मोडेम खणखणीत शिट्ट्या मारत लागला.

"बघ! झालं की काम."

"कसलं झालं? मॅडमसमोर खिडक्या कशाने हलवू, फुंकर मारून? दोन्ही एकदम चालायला हवेत."

"मग सरळ आहे," नवरा हसत म्हणाला. "एका घरात नांदत नाहीत ना दोघं? एकाला वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं."

नेमक्या त्याच वेळी सासूबाई कोरडी भांडी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ताटांची चळत टेबलावर ठेवली, रोजच्यापेक्षा जरा जोरातच. फोननंतर सुनेने नवऱ्याला सांगितलेलं शहरातल्या खोलीचं बोलणं त्यांच्या कानावर आलं होतं, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आणि त्या बोलल्या नाहीत म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सुनेला तीन महिन्यांत पक्कं कळलं होतं.

शुक्रवार उजाडला. दुपारी चारपर्यंत तिने मोडेम दोनदा काढून दोनदा बसवला. तिसऱ्यांदा बसवताना एका हातात उघडं झाकण, दुसऱ्या हातात वायर, आणि पट्टी दाबायला तिसरा हात कुठून आणायचा? ती ओरडली, "अहो! जरा वर या ना!"

त्याच मिनिटाला मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालण्याच्या दोरीचा खिळा निसटला आणि ओल्या चादरीसकट सासूबाई ओरडल्या, "अहो! लवकर या!"

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सहावी पायरी दोनदा कुरकुरली. सुनेच्या खोलीच्या दारात सासरे उभे, कपाळावर सरकवलेलं भिंग, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. "काय गं सूनबाई?" आणि गॅलरीतून सासूबाईंचा आवाज, "तू कशाला आलास? मी यांना बोलावलं होतं!" त्यावर नवरा म्हणतोय, "अगं आई, तू 'अहो' म्हणालीस, मला वाटलं..." खाली दुकानात एक गिऱ्हाईक नाकावर चाचणीची जड फ्रेम घेऊन खुर्चीत तसंच बसून होतं, ते वेगळंच.

सून हसायला लागली. झाकण खाली ठेवून पोट धरून हसली. सासरे गोंधळून तिच्याकडे बघत राहिले.

"चुकून मी आलो वाटतं."

"नाही बाबा, तुम्ही अगदी बरोबर आलात!" असं म्हणताना तिचं हसू एकदम थांबलं. "बाबा, तुम्हाला कसं कळतं, हाक कुणाची आहे ते?"

"कळतं कुठे? हाक एकच. आवाज जिन्यातून घुमत येतो. मला आपली सवय, मी उठतो."

"म्हणजे हाक माझी असली तरी..."

"मला तिचीच वाटते."

सुनेने कपाळावर हात मारला. "अगं बाई! दोघांची हाक एकच आहे!" माउस ज्या नंबराने हाक मारतो, त्याच नंबराने हा दुसऱ्या मशीनमधून आलेला मोडेमही हाक मारत होता. आतल्या चिपला कळणार कसं? ती आपली सवयीने माउसकडे धावत होती, आणि मोडेम इकडे हाका मारून मारून घसा बसवून घेत होता. फ्लॉप्या बिचाऱ्या निर्दोष. चाळीसच्या चाळीस.

तिने मोडेमची पट्टी बाहेर काढली. काठाशी चार जोड्या बारीक खिळे होते. त्यांतल्या एका जोडीवर काळी टोपी बसवलेली आणि शेजारी काहीतरी छापलेलं, पण इतकं बारीक की तिला वाचता येईना.

"आण इकडे," सासरे म्हणाले. त्यांनी कपाळावरचं भिंग डोळ्याला लावलं, पट्टी उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. आता हे त्यांच्या हद्दीतलं काम होतं. "तीन, चार, पाच, सात. टोपी चारवर आहे." मग थांबून म्हणाले, "सहा कुठे गेला?"

"सहावर फ्लॉपी बसलीये, बाबा."

"सातवर?"

"तिथे प्रिंटर येईल उद्या-परवा. तीनही दुसऱ्या कुणाचा तरी आहे. पाच मोकळा आहे."

"मग टोपी चारवरून उचलायची आणि पाचवर ठेवायची. एवढंच?"

"एवढंच."

"आणि यासाठी दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही," असं म्हणत त्यांनी खिशातून चिमटा काढला. चाळीस वर्षं चष्म्याचे स्क्रू बसवलेला हात तो. टोपी उचलली, शेजारच्या जोडीवर ठेवली, नखाने हलकेच दाबली. तिकडे गिऱ्हाइकाने खालून हाक मारली तेव्हा कुठे त्यांना दुकानाची आठवण झाली.

साडेचारला तिने मशीन जोडून चालू केलं. खिडक्या आल्या, माउस पळू लागला, मोडेमला नंबर लावायला सांगितला. मुका!

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. टोपी तर पाचवर होती. साडेचाराचे पावणेपाच झाले. ती रडकुंडीला येऊन जिन्याच्या तोंडाशी बसली. सासरे गिऱ्हाईक आटोपून पुन्हा वर येत होते.

"काय झालं गं?"

"हाक बदलली, बाबा, तरी तो उत्तर देत नाही."

सासऱ्यांनी कठड्याला धरून क्षणभर विचार केला. "ह्याने हाक बदलली, ठीक. पण आतल्याला सांगितलंस का, की आता हा नव्या नावाने हाक मारेल? तो बसलाय जुन्याच हाकेकडे कान लावून."

ती ताडकन उठली. खरंच की! सिस्टीमच्या वहीत मोडेमच्या नावापुढे अजून चारच लिहिलेलं होतं. एक ओळ लिहायची होती, फक्त एक ओळ. तिने ती लिहिली, चाराच्या जागी पाच केला आणि मोडेमला नंबर लावायला सांगितला. त्याने शिट्टी मारली. तिने माउस हलवला. शिट्टी चालूच! तिने माउस गरागरा फिरवला, खिडक्या नाचवल्या, आणि मोडेम खरखर करत, कुणाचीही पर्वा न करता, लागला. पाचला दोन मिनिटं कमी होती. तिचा जीव भांड्यात पडला.

तो तासभर घरात कुणी मोठ्याने खोकलंसुद्धा नाही. लाइन एकच, तिलाच खाली-वर दोन फोन. खाली नवरा फोनसमोर पहारा देत उभा. वरच्या फोनजवळ सासूबाई मटार सोलत बसल्या, डावा हात फोनवर दाबून ठेवलेला, जणू तो आपण होऊन उडणार होता. सहाला मॅडमनी पडद्यावर एवढंच लिहिलं: "लाइन टिकली. सोमवारपासून कामाला लाग." कौतुकाचा एक शब्द नाही. पण सुनेला तेवढ्यानेच आभाळ ठेंगणं झालं.

पुरुष खाली दुकानात, वर दोघीच. सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हणजे आता खोलीबिली नाही ना घ्यायची तिकडे?"

सुनेला धक्काच बसला. "नाही आई! मला जायचंच नव्हतं. म्हणून तर एवढा आटापिटा."

सासूबाईंनी साखरेचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. "बरं. काय झालं होतं गं त्याला नेमकं?"

"माउस आणि मोडेम एकाच नंबराने हाक मारत होते. आतल्याला कळायचं नाही, हाक कुणाची. तो सवयीने माउसकडे जायचा."

"जो आधीपासून आहे, त्याच्याकडे."

"...हो."

"मग हलला कोण?"

"मोडेम. तो नवा. त्यालाच टोपी असते. माउसला नसते, त्याला हलवता येत नाही."

"जुन्याला हलवता येत नाही म्हणे," सासूबाई म्हणाल्या. गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि तरातरा जिन्याकडे निघाल्या. आपण नको ते बोलून बसलो, असं सुनेला वाटलं.

सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. घसा साफ केला. आणि त्यांनी हाक मारली, सासऱ्यांच्या नावाने! नुसतं नाव, मागे-पुढे काही नाही.

खाली चाकाची घरघर थांबली. मग सासऱ्यांचा आवाज, अगदी बारीक झालेला: "कोण?"

"कोण काय कोण? मी! चहा गार होतोय."

त्या नावाने त्यांना शेवटची हाक मारली होती त्यांच्या आईने, आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते हळूहळू वर आले. सहावी पायरी कुरकुरली, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा पावलं. दारात येऊन उभे राहिले तेव्हा कपाळावरचं भिंग तसंच होतं आणि डोळे भरून आले होते.

"हे नाव ऐकून किती वर्षं झाली गं," ते म्हणाले. "मी तर विसरलोच होतो."

"आता रोज ऐकायचंय. आणि हे बघा, 'अहो'ला तुम्ही ओ द्यायचा नाही. ती हाक आजपासून हिची." मग सुनेकडे वळून, "नुसती हाक बदलून भागत नाही ना? आतल्यालाही सांगावं लागतं. म्हणून सांगतेय."

सून जिन्याशी गेली आणि पहिल्यांदाच अगदी मोकळ्या आवाजात ओरडली, "अहो!"

सवयीने सासऱ्यांचं तोंड उघडलं. सासूबाईंनी डोळे वटारले. तोंड मिटलं.

"ओ! आलो!" खालून आवाज आला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत नवरा वर पोचला. "काय झालं?"

"काही नाही," सून म्हणाली. "चहा झालाय."

चहा तर त्याला असाही मिळणारच होता. तिला फक्त बघायचं होतं, कोण येतं ते.